संक्रांतीच्या आधीचं की नंतरचं

मंदाकिनीबाईंनी नवऱ्याच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. चुकून नव्हे. मिठाची बरणी ओळखून, झाकण फिरवून, चांगला शिगोशीग चमचा भरून घातलं, ढवळलं आणि कप टेबलावर त्यांच्यापुढे ठेवला. मग ओट्याला टेकून, पदराला हात पुसत बघत राहिल्या.

अवधूतरावांनी एक घोट घेतला. जरा थांबले. मग दुसरा घेतला.

"कसा झालाय?"

"छान झालाय," ते म्हणाले आणि हसले.

 एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने चहाला छान म्हटलेलं नव्हतं. साखरेच्याही नाही.

अवधूतराव खळदकर पिंपरीच्या एका कारखान्यात माल तपासणारे इन्स्पेक्टर होते. यंत्रावरून उतरलेला नग हातात घ्यायचा, मापायचा आणि तीनपैकी एका पेटीत टाकायचा: पास, रीवर्क, रिजेक्ट. निवृत्त झाल्यावर पेट्या कारखान्यात राहिल्या, सवय तेवढी बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये आली. आमटी रीवर्क. सुनेने हौसेने आणलेले पडदे रिजेक्ट. मुलाची गाडी लावण्याची पद्धत तर न बघताच रिजेक्ट. 'पास' हा शब्द घरात कोणी ऐकलेला नव्हता. फारच झालं तर 'चालेल' मिळायचं, आणि ज्या दिवशी 'चालेल' मिळेल त्या दिवशी मंदाकिनीबाई स्वतःच्या पानात एक जास्तीची पोळी वाढून घ्यायच्या.

बोलणंही तसंच, कात्रीचं. स्वयंपाकघराच्या खिडकीला गॅलरीत उघडणारी झडप बसवली तेव्हा मंदाकिनीबाई म्हणाल्या होत्या, अहो, आत उघडणारी बसवा, गॅलरीत कोणाचं तरी डोकं फुटेल. "ज्याला डोकं आहे त्याचं फुटणार नाही," असं उत्तर मिळालं आणि झडप बाहेरच उघडायला लागली. अलीकडे त्या झडपेच्या कोपऱ्याला अवधूतरावांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता. मंदाकिनीबाईंना तो कळला तो पदर अडकल्यावर. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, उद्यापनाचा दिवस. हिरवी इरकल नेसून त्या पूजेसाठी कुंड्यांमधली पानं खुडायला गॅलरीत गेल्या आणि पदर पंक्चरच्या ओल्या सोल्युशनला चिकटला. वाऱ्याने झडप वाजते म्हणून लावला असेल तुकडा, असं त्या धरून चालल्या. इरकलीवरचा डाग काही केल्या गेला नाही.

तसा माणूस खरा. कंपनीत एकदा मालाच्या दाखल्यावर थोडी अलीकडची तारीख टाका म्हणून साहेबांनी गळ घातली होती, तेव्हा यांनी पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं होतं. "तारीख सरकत नसते, साहेब." बढती मात्र सरकली, ती कायमची. घरी येऊन ही गोष्ट त्यांनी अशा थाटात सांगितली होती, जशी काही बढतीच मिळाली.

असा हा माणूस संक्रांतीपासून गोड बोलायला लागला. आधी सगळ्यांनी थट्टेवारी नेलं. "या वर्षी बाबांनी तिळगूळ मनावर घेतलाय," असं तेजस म्हणाला, आणि महिनाभर घरात तोच विनोद पुरला. भाजी छान. पडदे छान. अपेक्षा, म्हणजे तेजसची बायको, लग्न होऊन या घरात आल्यापासून सासऱ्यांसमोर भांडं ठेवतानासुद्धा आवाज होऊ नये म्हणून जपायची; तिला एका सकाळी ते म्हणाले, "बेटा, तुझ्या हाताला चव आहे." ती खोलीत जाऊन रडली. त्या दिवसापासून ती गुणगुणत स्वयंपाक करायला लागली. शेजारपाजारच्या बायका विचारायच्या, काय हो, कोणता काढा देता. घर इतकं सुखात होतं की त्यात काही बिघडलंय असं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

मंदाकिनीबाईंचीही नव्हती. त्याला कारण होतं.

संक्रांतीच्या संध्याकाळी हळदीकुंकवाच्या बायका गेल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे नवऱ्याच्या हातावर लाडू ठेवला. तिळगूळ घ्या, गोड बोला. दर वर्षीचं उत्तर ठरलेलं: "पाक पुढे गेलाय." या वर्षी अवधूतरावांनी लाडू तोंडात टाकला नाही. तो हातात फिरवत, नगाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत ते म्हणाले, "मंदा, तुझ्यात खोट सापडेना, म्हणून आयुष्यभर बाकीच्या सगळ्यात काढत बसलो."

 त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि घासून ठेवलेल्या वाट्या पुन्हा घासल्या. त्या एका वाक्याने त्यांना सासूबाईंच्या आजारपणातली वर्षं, न मिळालेल्या सुट्ट्या, रीवर्कच्या आमट्या, सगळं भरून पावल्यासारखं झालं. वाक्य त्यांनी कोणाला सांगितलं नाही. दुपारी आडवं झाल्यावर मनातल्या मनात काढायचं, ऐकायचं, परत ठेवायचं.

पण मग नवरा जेवल्यावर पेंगायला लागला. मग अकरा वाजताही पेंगायला लागला. वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनाने काढणारा माणूस वर्तमानपत्र उलटं धरून बसलेला दिसला. चालताना डावा पाय मागे राहायला लागला. मंदाकिनीबाईंना दिसत होतं, आणि त्या बघत नव्हत्या, कारण गोडाचा लोभ कोणाला सुटलाय. काल महाशिवरात्रीला मात्र त्यांनी साबुदाण्याच्या खिचडीत मीठच घातलं नव्हतं, खरोखर विसरून. आणि अवधूतराव ती पूर्ण संपवून छान म्हणाले. रात्रभर त्या जाग्या राहिल्या. सकाळी उठून मिठाची बरणी काढली.

"तेजस," त्या म्हणाल्या, "गाडी काढ. यांना डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायचंय."

तेजस लॅपटॉप उघडत होता. "का? काय झालं?"

"चहाला छान म्हणाले."

"आई, अगं लोक यासाठी नवस बोलतात."

मंदाकिनीबाईंनी कप उचलून त्याच्या हातात दिला. त्याने घोट घेतला आणि धावत जाऊन बेसिनमध्ये थुंकला.

"हे प्यायले बाबा?"

"अर्धा कप."

"वयाने चव जाते, आई," अपेक्षा म्हणाली. "माझ्या आजोबांची गेली होती. उगाच घाबरवू नका ना त्यांना. किती छान राहतात हल्ली."

"छान राहतात. तेच तर म्हणतेय मी."

"रविवारी जाऊ," तेजस म्हणाला. "आज खरंच नाही जमणार, क्लायंट आहे अकराला."

"तू रविवारी सावकाश ये. मी रिक्षाने जाते."

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. पिशवीत पाण्याची बाटली, गोळ्यांची पट्टी आणि नवऱ्याचा स्वेटर भरला, साडीला पिन लावली, अवधूतरावांचा हात धरून त्यांना उठवलं. "चला," एवढंच म्हणाल्या. कुठे, कशाला, रिक्षावाला मीटरने येणार का, यातलं काहीही न विचारता अवधूतराव निघाले. उंबऱ्याशी त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली. ते तसेच लिफ्टपर्यंत गेले, एक पाय अनवाणी, चेहऱ्यावर तेच हसू.

तेजसने ती चप्पल बघितली. लॅपटॉप मिटला, किल्ल्या उचलल्या आणि अपेक्षालाही चल म्हणाला.

दवाखान्यात आधी एकाने तपासलं, मग दुसऱ्याने, मग स्कॅन झाला. तो बघून मेंदूच्या डॉक्टर खाली आल्या. डॉक्टर मिसबा तांबोळी. तरुण, केस घट्ट बांधलेले, बोलणं कसबा पेठेतलं, स्वच्छ आणि फाफटपसारा नसलेलं. त्या खुर्ची ओढून पलंगाशेजारी बसल्या.

"काका, नाव काय आपलं?"

"अवधूत."

"आत्ता आपण कुठे आहोत?"

"आपण म्हणाल तिथे," अवधूतराव अदबीने म्हणाले.

मंदाकिनीबाईंनी मान वळवली. सबंध आयुष्यात हा माणूस दुसरा म्हणेल तिथे कधी नव्हता.

"दोन्ही हात समोर धरा. तळवे वर. आता डोळे मिटा."

अवधूतरावांनी डोळे मिटले. उजवा हात होता तिथे राहिला. डावा सावकाश, त्यांच्या नकळत, खाली उतरत गेला आणि चादरीवर टेकला. ते मात्र दोन्ही हात धरून बसल्यासारखे ताठ बसले होते. मंदाकिनीबाईंना तो हात उचलून परत जागेवर ठेवावासा वाटला.

"झोपा आता, काका." डॉक्टरांनी चाकांवरचा कॉम्प्युटर जवळ ओढला आणि स्कॅन दाखवला. पांढऱ्या कवटीच्या आत करडा मेंदू, आणि उजव्या बाजूला मेंदूला दाबत पसरलेली काळी कोर.

"हे रक्त आहे," त्या म्हणाल्या.

"रक्त काळं?" तेजसने विचारलं.

"सांगते. मेंदूभोवती रक्त दिसलं की आम्ही आधी बघतो ते कुठल्या थरात आहे. मेंदूवर तीन आवरणं असतात. सगळ्यात बाहेरचं जाड. त्याच्या आणि कवटीच्या मध्ये रक्त साठलं तर हातात काही तासच असतात. अगदी आतल्या पापुद्र्याखाली शीर फुटली तर माणूस डोकं धरून कोसळतो. तिथे पेशंट किती शुद्धीवर आहे, बोलतो का, ओळखतो का, त्यावरून आम्ही आजाराची पायरी ठरवतो. काकांचं या दोन्हींच्या मधलं आहे, जाड आवरणाच्या खालचं. हे हळूहळू झिरपतं. आठवडेच्या आठवडे काही कळत नाही. मग माणूस बदलायला लागतो. कोणी चिडका होतो, कोणी विसराळू."

"आणि कोणी गोड?" अपेक्षाने विचारलं.

"तसंही होतं." डॉक्टरांनी पुन्हा पडद्याकडे बोट केलं. "मग दुसरी प्रतवारी, रक्ताच्या वयाची. ताजं रक्त इथे पांढरं दिसतं. काही दिवसांनी मेंदूच्याच रंगाचं होतं, तेव्हा ते चटकन ओळखूही येत नाही. आणि जुनं झालं की काळं. हे जुनं आहे. डोक्याला मार कधी लागला होता?"

"लागलाच नाही," तेजस म्हणाला.

"मोठा लागायची गरज नसते. कपाटाचं दार, फळी, काहीही. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना हृदयासाठी? मग टपलीसुद्धा पुरते. काका, डोकं कुठे आपटलं होतं?"

"नाही हो," अवधूतराव म्हणाले, आणि डोळे मिटून पडून राहिले.

मंदाकिनीबाई इतका वेळ काळ्या कोरीकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "किती जुनं आहे हे?"

"काळं आहे म्हणजे तीन आठवड्यांच्या वर."

"तसं नाही. संक्रांतीच्या आधीचं की नंतरचं?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. "ते स्कॅनमध्ये कळत नाही, काकू. तीन आठवड्यांनंतर सगळंच काळं. आधीचं असेल, नंतरचंही असेल. का? संक्रांतीला काही झालं होतं का?"

"नाही. संक्रांतीला हे गोड बोलले."

तेजसच्या तोंडावर महिनाभराचा विनोद येऊ घातला होता, पण आईचा चेहरा बघून त्याने तो गिळला. डॉक्टरही हसल्या नाहीत. पलंगावर अवधूतराव डोळे मिटून होते. जागे होते की झोपले होते ते सांगता येत नव्हतं.

पुढचं डॉक्टरांनी बाहेर नेऊन सांगितलं. दाबामुळे मेंदू एका बाजूला सरकलाय. कवटीला दोन छिद्रं पाडून रक्त काढावं लागेल, आजच दुपारी. वय आहे, पातळ रक्ताची गोळी आहे, धोका नाही असं नाही. थांबलं तर झोप वाढत जाईल आणि एक दिवस उठवता येणार नाही. सही करायला कागद पाठवते म्हणून त्या आत गेल्या.

तेजस भिंतीला टेकला. "गोळ्या देऊन बघता येणार नाही का? त्यांना त्रास तर काही होत नाहीये. डोकं उघडायचं म्हणजे..."

"डाव्या पायातली चप्पल गेली ती कळली का त्यांना?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

 अपेक्षा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"आई, एक विचारू? रागावू नका. ऑपरेशन झालं की बाबा पहिल्यासारखे होणार ना?"

"व्हायलाच हवेत."

"मला बेटा म्हणाले होते ते." तिचा आवाज लहान झाला. "ते काय नुसतं रक्तच होतं?"

पोरीने मंदाकिनीबाईंचाच प्रश्न विचारला होता. मार संक्रांतीच्या आधी लागला असेल, तर ते वाक्यही रक्ताचंच. दुपारी ते इथल्या बाटलीत उतरेल, कोणीतरी ती बाटली नेऊन ओतेल, आणि घरी येईल तो माणूस ज्याने त्यांना कधी काहीच सांगितलं नव्हतं. उरलेलं आयुष्य पुन्हा 'चालेल'वर काढायचं. एवढं वाट बघून मिळालेली एकच गोष्ट, आणि ती आपणच सही करून घालवायची, याचं त्यांना भयंकर वाईट वाटलं. इतकं, की क्षणभर तेजसचं ऐकावं असंही वाटून गेलं. आतला माणूस हसत होता. त्याला काही दुखत नव्हतं. थांबलं असतं तर आणखी काही दिवस तरी हसला असता.

मग त्यांना चादरीवर उतरलेला तो डावा हात आठवला.

"हे बघ," त्या अपेक्षाला म्हणाल्या, "रक्त असेल नाहीतर आणखी काही. गोड बोलणारा परका माणूस सांभाळायला मी लग्न केलं नव्हतं. कडू तर कडू, माझा मला परत हवाय."

कागद आला. तेजसने पेन काढलं आणि सही कोणी करायची, म्हणून आईकडे बघितलं. मंदाकिनीबाईंनी पेन घेतलं. त्यांची सही नेहमी वळणदार असते, तशीच त्यांनी ती केली, घाई न करता. मग पिशवीतून स्वेटर काढून मांडीवर घेतला आणि ऑपरेशनच्या दारासमोरच्या बाकावर जाऊन बसल्या. तेजसने चहा आणला, तो नको म्हणाल्या. दार उघडेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

रक्त निघालं. उरलेलं उतरायला लावलेली नळीही दुसऱ्या दिवशी काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी अवधूतरावांना उशीला टेकवून बसवलं होतं, डोक्याला पट्टी, गाल आत गेलेले. रुपाली नावाची नर्स वाटी घेऊन आली.

"काका, सूप घ्या गरमगरम."

अवधूतरावांनी चमच्याने वाटी ढवळली. चमचा उचलून खालून बघितला.

"हे सूप आहे, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

रुपालीचा चेहरा पडला. मंदाकिनीबाई चटकन उठून खिडकीशी गेल्या आणि पडदा सरळ करत राहिल्या. पडदा सरळच होता. डोळ्यांतलं पाणी ओसरेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही, आणि मग वळून रुपालीला म्हणाल्या, "मनावर घेऊ नका हो. बरे झालेत ते."

थोड्या वेळाने डॉक्टर मिसबा आल्या. हात समोर धरायला लावले. डोळे मिटायला लावले. डावा हात उजव्याच्या बरोबरीने तसाच राहिला. मंदाकिनीबाई त्या हाताकडेच बघत होत्या.

"आत्ता आपण कुठे आहोत, काका?"

"बाहेर एवढी मोठी पाटी लावलीय तुम्ही. तुमच्या लोकांना रस्ता सापडावा म्हणून असेल."

"उत्तम," डॉक्टर हसून म्हणाल्या आणि फाइल उघडली. "आता तरी सांगा. डोकं कुठे आपटलं होतं?"

 अवधूतरावांनी डॉक्टरांकडे बघितलं, मग बायकोकडे, मग समोरच्या भिंतीकडे.

"स्वयंपाकघराची झडप," ते म्हणाले. "गॅलरीत वाकलो होतो, उठताना कोपरा लागला." आणि जरा वेळाने, भिंतीकडेच बघत, "ही म्हणाली होती. मी ऐकलं नाही."

मंदाकिनीबाईंनी हातातली चादर खाली ठेवली. असं वाक्य घरात याआधी कोणी ऐकलेलं नव्हतं, आणि या वेळी डोक्यात रक्त नव्हतं.

"मग घरी सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर हिचं खरं झालं असतं."

"बरं. आणि कधीची गोष्ट ही? आठवतं का?"

अवधूतरावांनी डोळे बारीक केले, नग मापताना करायचे तसे. 

"रथसप्तमीला."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. त्यांनी एकदा मंदाकिनीबाईंकडे बघितलं. "म्हणजे संक्रांतीच्या नंतर."

"रथसप्तमी संक्रांतीनंतरच येते, डॉक्टर. दर वर्षी."

"हो, ते खरंय." डॉक्टरांनी पेन गालाला टेकवलं. "पण त्या रक्ताभोवती चांगले जाड पापुद्रे धरले होते, फार जुनं असलं की धरतात तसे. माझा अंदाज होता, दोन महिने तरी झाले असतील."

"अंदाजावर माल पास होत नसतो."

मंदाकिनीबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. झडप म्हटल्याबरोबर त्यांना ट्यूबचा तुकडा आठवला होता. नवऱ्याची रीत त्यांना ठाऊक होती: काही लागलं, तुटलं, की कोणाला कळायच्या आत दुरुस्ती. कोपरा लागला त्या दिवशीच तुकडा चिकटला असणार. आणि सोल्युशन ओलं होतं तो दिवस मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. पूजेची पानं, हिरवी इरकल, न निघालेला डाग. संक्रांत त्याच्या कितीतरी पुढे होती, रथसप्तमी आणखी पुढे.

म्हणजे आधीचंच. ते वाक्य बोलला तेव्हा रक्त डोक्यात होतं.

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. अवधूतराव त्यांच्याकडे बघत नव्हते. ते समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि चादरीवरचा उजवा अंगठा तर्जनीवर घासत होते. तारीख सरकत नसते म्हणणाऱ्या माणसाने तारीख सरकवली होती, आणि ती त्याला जमली नव्हती, कारण आयुष्यात सवयच नव्हती. डॉक्टरांनी स्कॅन दाखवला त्या दिवशी हे झोपलेले नव्हते, मंदाकिनीबाईंच्या लक्षात आलं. डोळे मिटून सगळं ऐकत होते.

"काकू," डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला आठवतंय का काही? फाइलमध्ये लिहायचंय, म्हणून विचारते."

"आठवतंय ना," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "रथसप्तमीच. मी तिथेच होते. गॅलरीत बोळक्यातलं दूध उतू घालत होते."

"मग मार लागलेला तुम्हाला कळला नाही?"

"दुधाकडे लक्ष होतं."

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं.  "रथसप्तमी," असं पुटपुटत त्यांनी लिहिलं, फाइल मिटली, पुढच्या आठवड्यात टाके काढू असं सांगितलं आणि त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या.

खोलीच्या त्या कोपऱ्यात दोघंच उरली. मंदाकिनीबाईंनी वाटी उचलून बाजूला ठेवली, उशी नीट केली, पांघरूण छातीपर्यंत ओढलं. अवधूतरावांचा डावा हात पांघरुणाबाहेर राहिला होता. तो आत घालायला म्हणून त्यांनी धरला, आणि तसाच धरून बसल्या.

"तेजसला सांग," अवधूतराव घड्याळाकडे बघत म्हणाले, "सुतार बोलवायला. झडप आत उघडणारी करून घ्या."

"सांगते."

"माप मी देईन. तुमच्या मापाने नको."

"बरं."

दुपार होत आली होती. तेजस डबा घेऊन येणार होता, तो आल्यावर घरी जाऊन अंघोळ उरकून यायचं, असं मंदाकिनीबाईंनी मनाशी ठरवलं. पिशवीत रिकामा थर्मास होता, तो त्यांनी वर काढून ठेवला.

"येताना घरचा चहा आणू का?"

"आण," अवधूतराव म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले. हात सोडवून न घेता पुढे म्हणाले,

"या वेळी साखरेचा."